बुबुळाच्या वरचं पांढरं

आमच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांचा एकच नियम आहे आणि तो मला लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात ऐकवला गेला. वरची पापणी बुबुळावर टेकली पाहिजे. बुबुळाच्या वर जरासं जरी पांढरं राहिलं, तरी देव दचकल्यासारखा दिसतो, नाही तर चिडल्यासारखा. "दचकलेला देव घरी नेऊन लोकांनी त्याच्याकडे काय मागायचं?" असं माझे सासरे विचारतात. त्यांना आम्ही सगळेच दादा म्हणतो, शेजारपाजारचेसुद्धा.

कारखाना म्हणजे तुम्हाला वाटेल तसा काही नाही. पूर्वी पेठेत होतो, तिथली जागा पुरेना म्हणून वाघोलीच्या पुढे पत्र्याची शेड घातली. माझे यजमान शाडू मळतात, साचे भरतात, मी डोळे रंगवते. त्याला आखणी म्हणतात. पंचवीस वर्षं आखणी करते आहे आणि चांगली करते आहे. हे मीच सांगते, कारण दादा सांगणार नाहीत. त्यांची तपासायची पद्धत अशी की, मूर्तीसमोर येऊन उभं राहायचं, मान जरा कलती करायची, आणि चुकलं असेल तर एकच शब्द बोलायचा, "पुसा." बरोबर असेल तर काहीच न बोलता पुढच्या मूर्तीकडे जायचं. म्हणजे पंचवीस वर्षांत मला जी शाबासकी मिळाली, ती सगळी न बोललेली आहे.

एक मूर्ती मात्र माझ्याकडे कधीच आली नव्हती, ती म्हणजे आमच्या घरचा गणपती. त्याचे डोळे दादाच आखणार. त्यांच्या आधी त्यांचे वडील आखायचे. घरचा गणपती ज्यानं आखायचा, कारखाना त्याच्या हातात, असं आमच्याकडे न लिहिता चालत आलंय. आणि डोळे झाले की दादा त्याच्यासमोर उभे राहून हात जोडतात. बाकी शेकडो मूर्ती जातात, कुणासमोर हात नाहीत. त्या एकासमोरच.

तीनेक वर्षांपूर्वी संक्रांतीला मी त्यांना तिळगूळ द्यायला गेले, वाकून नमस्कार केला, तर म्हणाले, "यंदा घरचा तू आखायचास. माझा हात आता ऐकत नाही." एवढं बोलून त्यांनी पेपर उघडला. मी आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिले आणि ढसाढसा रडले. लेकीनं विचारलं, "आई, काय झालं? हलवा करपला का?" म्हटलं, हो.

आता खरी गंमत इथून पुढे.

उन्हाळा लागला तशी मला उकाड्याचा वीट यायला लागला. पत्र्याखाली सगळ्यांनाच उकडतं, पण मी पंख्याच्या तोंडाशी बसून घामानं निथळायची. भूक मरणाची लागायची, चार-चार पोळ्या खायची आणि तरी ब्लाऊज सैल व्हायला लागले. छातीत धडधड. चिडचिड तर विचारू नका, यजमानांनी साचा जरा जोरात ठेवला तरी मी खेकसायची. सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं की बाईंचं वय झालं, बायकांना या वयात होतंच. मलाही ते पटलं. या वयात बाईला काहीही झालं तरी लोकांकडे उत्तर तयार असतं!

आणि डोळे. आमच्या माहेरी सगळ्यांचेच डोळे मोठे, त्यामुळे ते आणखी मोठे झाले तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. उलट कौतुक सुरू झालं. बुकिंगला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "काकू, तुमच्या डोळ्यांत काय तेज आलंय हो!" एक आजोबा दर वर्षी येतात. ते तर मला बघून दोन पावलं मागे सरले, हात जोडले आणि म्हणाले, "इतकी वर्षं देवाचे डोळे लिहिलेत, देवानं तुम्हाला दिले बघा." तुम्ही म्हणाल, यावर मी हसले असेन. मुळीच नाही. मला ते खरं वाटलं. घरचा गणपती माझ्याकडे आला आणि त्याच वर्षी डोळ्यांत तेज आलं, मग आणखी काय पाहिजे? मी आरशात बघून स्वतःवरच खूश व्हायची. इतका गर्व बरा नव्हे, पण होता, काय करणार.

डोळे चुरचुरायचे, पाणी यायचं, त्याचं खापर मी उजेडावर फोडलं. एक दिवस बसनं बुधवार पेठेत गेले, मान वाकवता येणारा चांगला दिवा घ्यायला. दुकानदाराला म्हटलं, काही कमी करा की. त्यानं माझ्याकडे वर बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "अहो बाई, डोळे वटारून किंमत कमी होत नसते." मी काही वटारले नव्हते! मी आपली साधी बघत होते. त्याला दोन शब्द सुनावून, दिवा घेऊन, तणतणत घरी आले. आता वाटतं, तेज तेज म्हणणाऱ्या सगळ्यांत तो एकटाच नीट बघत होता.

मग ज्येष्ठात लेकीनं फोटो काढला. ती हिंजवडीला कंपनीत आहे, सुट्टीच्या दिवशी आमच्या मूर्तींचे फोटो काढून फोनवर कुठं कुठं टाकते, त्यावरून बुकिंग येतं. मला म्हणाली, "आई, आज तू पण ये फ्रेममध्ये. आर्टिस्टचा चेहरा दिसला की लोकांना कनेक्ट होतं." मी एक दीड फुटी मूर्ती नुकतीच संपवली होती, तिच्या शेजारी गाल लावून बसले. लेकीनं फोटो काढून फोन माझ्या हातात दिला.

मी आधी मूर्ती बघितली, सवयच आहे. छान होती, पापणी टेकलेली, नजर निवांत. मग शेजारचा चेहरा बघितला आणि तोंडातून आपोआप निघालं, "पुसा."

लेक म्हणाली, "काय?"

बुबुळाच्या वर पांढरं दिसत होतं. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्तच. खालीही दिसत होतं. मी फोटो बोटांनी मोठा करून बघितला, लहान करून बघितला. पंचवीस वर्षं जी चूक मी हजारो मूर्तींमध्ये होऊ दिली नाही, ती माझ्या तोंडावर बसली होती आणि मी तिला तेज म्हणून मिरवत होते. अंगाला कापरं भरलं. नंतर कळलं की हात कापतच होते, कधीचे.

मी फोन घेऊन दादांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, फोटो बघितला, मग मान कलती करून माझ्याकडे बघितलं, अगदी मूर्तीकडे बघतात तसं. मला वाटलं आता टोमणा येणार. ते म्हणाले, "सूनबाई, उद्या काम नाही. उद्या डॉक्टर."

डोळ्यांच्या डॉक्टर म्हणजे माझ्या लेकीहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल अशी मुलगी होती. मी आत गेल्या गेल्या सांगितलं, "माझ्या वरच्या पापण्या बुबुळापासून वर गेल्यात. डावी जास्त. सहा महिन्यांपूर्वी अशा नव्हत्या." ती लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, "काकू, पेशंट येऊन सांगतात डोळे मोठे झालेत. पापणी वर गेलीय असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही नर्स आहात का?" म्हटलं, "मी गणपतीचे डोळे रंगवते." खरं सांगते, त्या भीतीतसुद्धा माझी मान ताठ झाली.

तिनं एक पट्टीसारखं यंत्र लावून डोळे किती पुढे आलेत ते मोजलं. मग मला सगळं नीट समजावलं, मी विचारलं म्हणून. डोळा पुढे यायला कारणं बरीच असतात. मागे गाठ असू शकते. खोबणीत जंतू जाऊन सूज येते, मग ताप असतो, दुखतं. मार लागून आत रक्त साठू शकतं. कुणाला खूप मोठा नंबर असतो, त्याचा डोळाच लांब असतो आणि पुढे आल्यासारखा दिसतो. एकच डोळा पुढे आला तर डॉक्टर आधी गाठीचा विचार करतात. दोन्ही आले, आणि सोबत वजन उतरतंय, धडधडतंय, हात कापतात, तर बहुतेक वेळा थायरॉईड. "शरीर स्वतःवरच उलटतं, काकू. थायरॉईडवर आणि डोळ्यामागच्या स्नायूंवरही. ते सुजतात. हाडाची खोबण काही मोठी होत नाही, मग डोळा पुढे सरकतो." मला लगेच कळलं. साच्यात शाडू जास्त दाबला की तोंडाकडून बाहेर येतो, यात न कळण्यासारखं काय आहे?

"एकाचे दोन दिसतात का?" तिनं विचारलं.

"दिसतात ना. जिन्यावर दिसतात, वर बघितलं की दिसतात. रस्ता ओलांडताना परवा दोन ट्रक दिसले, मी आपली दोन्ही जाऊ दिले."

"मग काम कसं करता?"

"कामात नाही दिसत."

"असं कसं होईल?"

"आखताना डावा डोळा मिटलेला असतो," मी म्हटलं. "आमच्यात सगळे तसंच आखतात. श्वास धरायचा, डावा डोळा मिटायचा आणि रेघ ओढायची. दादांनी शिकवलंय."

ती मोठ्यानं हसली आणि मग एकदम गंभीर झाली. म्हणाली, "म्हणून तुम्ही इतके दिवस घरी बसलात. दुसरं कुणी असतं तर कधीच आलं असतं." आणि मग सांगितलं की सूज आणखी वाढली तर मागची नस दाबली जाते आणि नजर जाऊ शकते. हे ती फार हळू बोलली.

रक्त तपासलं, स्कॅन झालं. गाठ नव्हती. थायरॉईडच होतं. गोळ्या सुरू झाल्या. दर आठवड्याला सलाईनमधून औषध घ्यायला जायचे, त्यानं तोंड भोपळ्याएवढं सुजलं. धुरानं डोळे बिघडतात असं कळल्यावर यजमानांनी शेडमधली विडी बंद केली. चाळीस वर्षांची विडी, माझ्या सांगण्यानं सुटली नव्हती, माझ्या डोळ्यांनी सुटली. त्याऐवजी बडीशेपेची डबी ठेवायला लागले खिशात.

घरी आल्यावर मी दादांना विचारलं, "आपण डावा डोळा का मिटतो?"

दादांनी हातातला ब्रश पुसून ठेवला. मग म्हणाले, "मला त्यानं लहानपणापासून दिसत नाही. नीट असं कधी दिसलंच नाही. वडिलांना वाटलं असतं याला हे काम जमणार नाही, म्हणून सांगितलं नाही. मिटूनच आखायचो. मग तुम्ही सगळेच मिटायला लागलात, मी काय बोलणार?"

साठ वर्षं! हा माणूस साठ वर्षं एका डोळ्यानं देवांचे डोळे आखतोय, आणि आम्ही ती कला समजून गिरवतोय. राग यायला हवा होता. मला इतका अभिमान वाटला की उठून त्यांचे पाय धरावेत असं वाटलं. ते म्हणाले, "बाहेर बोलू नकोस." आता बोलते आहे. त्यांनीच परवानगी दिली, "आता काय फरक पडतो" म्हणून.

श्रावणापर्यंत गोळ्यांनी हात थांबला. डोळे तसेच होते, पण हात माझा होता. भाद्रपद आला. घरचा गणपती माझ्यासमोर ठेवला गेला, पाटावर, पुसायच्या ओल्या फडक्यासकट. सगळे जमले. मी डावा डोळा मिटला, श्वास धरला आणि आखला. रेघ अशी गेली की काय सांगू. ब्रश ठेवला आणि मागे सरले.

दादा आले. मान कलती केली. मी त्यांच्या हातांकडे बघत होते, आता जुळतील, आता जुळतील.

"पुसा."

माझ्या कानशिलात मारल्यासारखं झालं. लेक पुढे झाली, "आजोबा, अहो किती सुंदर झालेत!" दादा तिला म्हणाले, "सुंदर आहेत. पण हे तुझ्या आईचे आहेत, देवाचे नाहीत."

मी परत बघितलं. खरं होतं. बुबुळाच्या वर केसभर पांढरं राहिलं होतं, दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त. तीन महिने मी सकाळ-संध्याकाळ आरशात हाच चेहरा तपासत होते, आज किती, कालच्यापेक्षा कमी का. तोच हातात उतरला होता. बाकीच्या मूर्तींत नव्हता, दादांनी एकही पुसायला लावली नव्हती. जिच्यात जीव ओतला तिच्यातच आला. मी फडक्यानं डोळे पुसले, देवाचे आणि मग माझे. त्या वर्षीही दादांनीच आखला. ब्रश धरताना त्यांचं मनगट यजमानांना धरावं लागलं.

त्याच्या पुढच्या वर्षी मी मागितलाच नाही. दादांना दोन दिवस लागले, एक डोळा आज, एक उद्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः आखलेलाच डोळा दोनदा पुसायला लावला, तो मी पुसला. तिसऱ्यांदा जमला. हात जोडताना ते दमलेले होते. मला कळत होतं की यानंतर त्यांच्यानं होणार नाही, आणि माझ्याकडून झालं नाही तर आमच्या घरचा गणपती बाहेरच्या कुणाकडून आखून घ्यावा लागेल. हे आमच्यापैकी कुणी बोललं नाही.

माझी सूज ओसरली होती. उजवी पापणी आपली आपण खाली आली. दोन दिसायचं थांबलं, अगदी वर बघितलं तरच दिसायचं. डावी पापणी मात्र हटून बसली. डॉक्टरीणबाईंनी सहा महिने नुसती मोजून बघितली, ती जागची हलत नाही अशी खात्री झाल्यावर म्हणाल्या, "आता हिला आपण खाली आणू. छोटं ऑपरेशन आहे, तुम्ही जाग्याच राहाल."

टेबलावर झोपवून पापणी बधिर केली. काय चाललंय ते कळत होतं, दुखत नव्हतं. मध्येच मला उठवून बसवलं. पापणी बसून बघावी लागते म्हणे, आडवं पडल्यावर खरी जागा कळत नाही. मला हे फार पटलं, मूर्तीही आम्ही आडवी ठेवून कधी तपासत नाही. डॉक्टरीणबाई समोर वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "मस्त. अगदी बरोबर आलीय."

मी म्हटलं, "आरसा द्या."

"काकू, इथं?"

"द्या हो."

नर्सनं आरसा धरला. मी तोंडावरचं हिरवं कापड, रक्ताचा ठिपका, काही बघितलं नाही. नुसता डोळा बघितला. मान कलती केली. "अजून केसभर खाली," मी म्हटलं. "टेकली नाहीये. नुसती पोचलीय."

नर्सनं डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. मग डॉक्टरीणबाई हसल्या, म्हणाल्या, "आडव्या व्हा." आणि त्यांनी परत हात घातला. दुसऱ्यांदा बसवलं तेव्हा त्यांनी माझ्या आधी आरसा मागितला. मी बघितलं आणि काहीच बोलले नाही. त्यांना वाटलं मला पसंत नाही. मग सांगावं लागलं, आमच्यात बरोबर असलं की बोलत नाहीत.

गेल्या भाद्रपदात घरचा गणपती पुन्हा पाटावर आला. दादा खुर्चीत बसून होते, आता त्यांना फार वेळ उभं राहवत नाही. मी ब्रश भिजवला, टोक जिभेवर ओढलं. डावा डोळा मिटायला गेले आणि थांबले. आता मला दोन्हींनी एकच दिसत होतं. मग मिटायचा कशासाठी? दादा बघत होते. मी दोन्ही डोळे उघडे ठेवले, श्वास धरला आणि वरची रेघ ओढली, उजवी, मग डावी. आमच्या कारखान्यात दोन्ही डोळे उघडे ठेवून कुणी आखल्याचं मला माहीत नाही. हात जरासुद्धा हलला नाही. मी ब्रश ठेवला आणि फडकं आधीच पुढे सरकवलं.

दादा खुर्चीचा हात धरून उठले. यजमान धरायला गेले, त्यांना त्यांनी झटकलं. मूर्तीसमोर उभे राहिले, मान कलती केली. खूप वेळ. मग त्यांनी हात जोडले.

मी तोंडावर पदर धरला, तरी हुंदका बाहेर आलाच. दादा माझ्याकडे वळले. माझ्या डाव्या डोळ्याकडे बघितलं, मूर्तीकडे बघितलं, परत माझ्याकडे. काहीच बोलले नाहीत. खुर्चीत जाऊन बसले, चष्मा काढून पुसला, आणि मग म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून मला तपासायला बोलवू नका."